कौलं गेली, झरोकाही गेला

(नाशिकमधील एका हिवाळी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचं शब्दांकन)



पत्रिकेवर माझा विषय ‘हिवाळा आणि घरातली हवा’ असा छापला आहे. कार्यवाहांनी फोनवर सुचवलं होतं की डॉक्टर, लोकांना घरी गेल्यावर करता येतील असे दहा-बारा उपाय सांगा. सांगेन, वेळ पुरेल तेवढे. पण छातीचे रुग्ण तपासण्यात आयुष्य गेल्यावर माझं मन एका गोष्टीवर येऊन बसलंय आणि ती आधी सांगते. आपल्या हिवाळ्यातल्या सगळ्या सवयी कौलारू घरात घडल्या. शेक, शेगडी, ऊद, धुरी, डोक्यावरून पांघरूण घेणं, तिन्हीसांजेला दारंखिडक्या लावून घेणं, सगळ्या. ती घरं गेली आणि सवयी जशाच्या तशा सिमेंटच्या घरात राहायला आल्या. या बदलात छताजवळची जी वाट होती, ज्या वाटेने घरातली वापरलेली हवा निघून जायची, ती बुजली. मला ती वाट परत हवी आहे. प्रत्येक निजायच्या खोलीत, छताला लागून, कायम उघडा राहणारा एक झरोका. आज मी जे काही बोलेन ते फिरून तिथेच येणार आहे.

फुप्फुसाची रचना, श्वासनलिका, दमा कसा उठतो, हे सगळं गेल्या वर्षी याच मालेत आकृत्यांसकट झालंय. पीएम २.५ हा शब्दही रोज पेपरात येतो. तेव्हा ते सोडून देते.

टेबलावरचं हे पांढरं यंत्र पुढच्या रांगेतल्या मुलांना मघापासून दिसतंय. ते हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतं. बाहेर मोकळ्यावर तो दहा लाख भागांत साधारण ४२० भाग असतो. मी आले तेव्हा सभागृह अर्धं भरलं होतं आणि यंत्र ७०० दाखवत होतं. आता १२०० च्या पुढे गेलंय. हा वायू या प्रमाणात विष नाही, घाबरू नका. पण तो आला कुठून? आपल्या छातीतून. आपण सोडलेल्या श्वासात तो जवळजवळ ४ टक्के असतो. म्हणजे आकडा जितका वर, तितकी इथली हवा आधी कुणाच्या तरी फुप्फुसातून जाऊन आलेली. आकडा साडेचौदाशेवर गेला की हिशोब असा पडतो की तुमच्या चाळीस श्वासांतला साधारण एक श्वास शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आधीच वापरलेला असतो. त्यांच्यातल्या एखाद्याला फ्लू असेल किंवा क्षय असेल, तर त्या एका श्वासात तोही आला. म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच सांगून ठेवलं होतं की माणसांच्या खोलीत हा आकडा १००० च्या वर जाऊ देऊ नका. आपण त्या रेषेच्या पलीकडे बसलो आहोत.

कार्यकर्त्यांनी थंडी वाजू नये म्हणून मायेनं सगळ्या खिडक्या लावल्यात. एक विनंती करते, खालच्या राहू द्या बंद. वर बघा, खिडकीच्याही वर, मधल्या आसावर फिरणाऱ्या त्या काचा आहेत ना? दोरी ओढली की उघडायच्या. दोरी तुटलीय म्हणता? मग पडदे सरकवायची काठी आणा आणि ढकला.

(एक श्रोते : डॉक्टरबाई, आमचे कान धरतील हो!) (हशा)

कान झाका, काका, तुमचा मफलर छान जाड आहे. पण काच उघडू द्या. तुमच्या डोक्यापासून ती पंधरा फूट उंच आहे, तिथली गार हवा कानापर्यंत येईस्तोवर कोमट होते. उघडली? रंगाने चिकटली होती, बघा. किती वर्षं कुणी हात लावला नसेल. धूळ पडली त्यांची क्षमा मागते. पण हे सभागृह ज्यांनी बांधलं त्यांना हवा कळत होती. उगाच कुणी एवढ्या उंचावर, हात पोचणार नाही अशा जागी, काचा बसवत नाही.

यावर एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. पेरू देशातल्या लिमा शहरात संशोधकांनी आठ रुग्णालयांत हवा किती वेळा बदलते ते मोजलं आणि २००७ मध्ये प्रसिद्ध केलं. क्षयाचे रुग्ण ठेवण्यासाठी खास यंत्रांनी हवा खेळवलेल्या खोल्यांत ताशी १२ वेळा हवा बदलत होती. खिडक्या-दारं उघडलेल्या साध्या खोल्यांत साधारण २८ वेळा. त्यातही नव्या बांधणीच्या खोल्यांत १७, आणि उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींत ४०. लाखो रुपयांचं यंत्र बाराला थांबलं आणि जुना गवंडी चाळिसापर्यंत गेला. मी ते वाचलं तेव्हा मिरजेजवळच्या वानलेसवाडीचं क्षयरुग्णालय आठवलं, पाचगणीचं आठवलं. औषध नव्हतं त्या काळात क्षयाच्या रुग्णाला मोकळ्या हवेत ठेवायचे. हवेनं क्षय बरा होत नाही, त्याला गोळ्याच लागतात. पण रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो तो हवेतूनच, आणि ती हवा पातळ करणं आपल्या हातात असतं.

आता तुम्ही म्हणाल, लिमात चालेल, आमच्याकडे निफाडचा पारा पाच-सहावर आला की खिडकी कोण उघडेल? हाच मुद्दा मला समजावून सांगायचाय, कारण तो उलटा आहे. गरम हवा वर चढते. आत आणि बाहेर जितका फरक, तितकी ती जोरानं चढते. मे महिन्याच्या रात्री आत ३० आणि बाहेर २६, म्हणून खिडकी सताड उघडी असली तरी हवा हलत नाही. जानेवारीच्या रात्री आत २२ आणि बाहेर १०. या फरकामुळे हवेला वर जाण्याची इतकी ओढ असते की छताजवळ वीतभर रुंदीची फट आणि दाराखाली बोटभर जागा एवढ्यावर खोलीचं काम भागतं. खिडकी सताड उघडायला मी सांगतच नाहीये. हिवाळ्यात लहानसा झरोका पुरतो, फक्त तो उंच हवा. निजलेल्या माणसाच्या अंगावर गार झोत येत नाही आणि त्यानं सोडलेली हवा डोक्यावरून निघून जाते.

दहा बाय बाराची खोली घ्या. दोन मोठी माणसं दार लावून निजली आणि एकही फट नसेल, तर आकडा तासाला आठशेच्या आसपास वाढेल. फटी असतात म्हणून तेवढा होत नाही, तरी सकाळी अडीच-तीन हजार मी पुष्कळ घरांत पाहिलाय. सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडक्या फार घट्ट बसतात. एसी लावला म्हणजे हवा बदलली, असंही नाही. भिंतीवरचा तो डबा खोलीतलीच हवा गार करून परत देतो. सकाळी उठल्यावर डोकं जड, तोंड सुकलेलं, मुलगा शाळेत पेंगतो. आई म्हणते, मोबाइलमुळे. असेलही. पण आधी रात्रीची हवा बघू या.

आता मी ज्यामुळे या विषयात इतकी गुंतले ती बाळंतिणीची खोली. ही गोष्ट दोन मिनिटांत सांगायची ठरवून आले आहे.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. थंडीतलं बाळंतपण म्हणजे आजीचा सगळा जीव त्या एका खोलीत. खिडक्यांना जुनी लुगडी, दाराच्या फटीला कापड. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. ओवा, वावडिंग, बाळंतशेपा यांची धुरी. बाळाला टोपडं, दुपटं, आणि दुपटं पेटीतून काढलेलं, म्हणजे डांबराच्या गोळ्यांच्या वासाचं. अशाच एका घरून मला संध्याकाळी बोलावणं आलं. तिसरा मजला, नवी इमारत. बाळंतिणीचं डोकं सकाळपासून ठणकत होतं, मळमळत होतं. सगळ्यांना वाटलं बाळंतपणाचा अशक्तपणा. आजी शेगडीवर निखारे सारखे करायला वाकल्या आणि तिथेच कोसळल्या. शेजारच्या बाईंनी येऊन दार उघडलं, गॅलरीचं दारही उघडलं, आणि त्यांच्या त्या कृतीनं तिघंही वाचली. आजी, सून नव्हे लेक, आणि बारा दिवसांचं बाळ. मी पोचले तेव्हा आजी शुद्धीवर होत्या. कुणाची तरी दृष्ट लागली, असं घरात चाललं होतं. शेगडीत धूर अजिबात नव्हता. आणि धोका नेमका तिथेच. कोळसा पेटताना धूर दिसतो म्हणून आपण सावध असतो. निखारे लालबुंद फुलले की धूर संपतो आणि आपल्याला वाटतं, आता आत न्यायला हरकत नाही. त्या फुललेल्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे झोंबत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट धरून बसतो. साध्या हवेत तो निम्मा उतरायला चार-पाच तास जातात, शुद्ध प्राणवायू दिला की तास-दीड तासात निम्मा होतो. बाळाचे श्वास मिनिटाला चाळीसच्या घरात, आपले पंधरा-सोळा. एकाच खोलीत ते आपल्यापेक्षा लवकर भरतं.

त्यांना रुग्णालयात प्राणवायूवर ठेवलं, तिघंही सुखरूप घरी गेली. दुसऱ्या दिवशी आजींनी मला जे विचारलं त्याचं उत्तर मी तेव्हापासून शोधते आहे. त्या म्हणाल्या, “माझी चार बाळंतपणं याच शेगडीवर झाली, माझ्या आईची आठ. आमचं काय झालं?” प्रश्न रास्त होता. मी त्यांना त्यांच्या आईचं घर विचारलं. त्र्यंबकच्या वाटेवरचं गाव, मातीच्या भिंती, वर कौलं. कौलांच्या प्रत्येक रांगेतून उजेड दिसायचा, असं त्याच म्हणाल्या. ते छप्पर म्हणजे शंभर झरोके होते. शेगडीचा वायू, धुरीचा धूर, माणसांचे श्वास, सगळं त्यातून वर जायचं. शेक तोच, निखारेही तेच, फक्त वर आता सहा इंचांचा स्लॅब.

(श्रोत्यांतून : म्हणजे जुनं ते चांगलंच होतं!)

नाही. हे मला कुणी माझ्या तोंडी घालू नये. जुन्या स्वयंपाकघरांतल्या धुरानं आपल्या आज्यांच्या छातीचं फार नुकसान केलं. अमेरिकेतले कर्क स्मिथ यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर यंत्रं लावून तो धूर मोजला आणि जगाला दाखवला. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं की जन्मात विडी-सिगारेट न ओढलेल्या माणसांनाही सीओपीडी हा फुप्फुसाचा जुनाट आजार होतो आणि चुलीचा धूर त्याचं मोठं कारण आहे. मला ती चूल परत नकोय, मातीचं घरही नकोय. त्या घराची एकच गोष्ट हवीय.

आणि आजींचं ऊब देणं चूक नव्हतं, हे मी त्यांना हात धरून सांगितलं. नवजात बाळ फार झटकन गार पडतं. पण ऊब देण्यासाठी काही जाळावं लागत नाही. बोगोटात १९७८ पासून कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधून वाढवतात, कांगारू पद्धत आपल्या सिव्हिल रुग्णालयांतही पोचली आहे. आईची छाती, वरून गोधडी, डोक्याला टोपडं. बाळंतिणीच्या कंबरेला रबरी पिशवीत गरम पाणी. सकाळी दहानंतर गॅलरीतलं ऊन. आजींनी ते सगळं केलं, आणि त्यांच्या जावयांनी खिडकीच्या वरच्या काचेच्या जागी जाळी बसवून दिली. त्या इमारतीत आता…

कार्यवाहांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली म्हणे. मला वाटलं होतं अजून अर्धा तास आहे. बरं, मग गॅस गिझर आधी, बाकी काही राहिलं तरी चालेल.

एलपीजी नीट जळला तर त्यातून पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघतात. प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड. न्हाणीघर पाच बाय सात, त्यात गिझर, दार लावलेलं, आणि थंडी येते म्हणून लुव्हर्सच्या काचांना आतून पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र. हिवाळ्यात आंघोळही लांबते. दहा-पंधरा मिनिटांत माणूस खाली पडतो. कधी फिट आल्यासारखे झटके येतात आणि पुढे फेफऱ्याच्या गोळ्या चालू राहतात, गिझरचं नावही निघत नाही. माझं सांगणं स्पष्ट आहे, गिझर न्हाणीघराच्या बाहेर, गॅलरीत. बाहेर जागाच नसेल तर धुराची नळी भिंतीतून थेट बाहेर काढलेली, आणि आंघोळीपूर्वी बादल्या भरून गिझर बंद करून मगच दार लावायचं. घरी जाऊन आज रात्रीच तो पुठ्ठा काढा. उद्या सकाळची वाट बघू नका, कारण आंघोळ उद्या सकाळीच आहे.

डासांच्या कॉइल. चीन आणि मलेशियातल्या कॉइलवर २००३ मध्ये झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे भरले. ती कॉइल आपण बाळाच्या पाळण्याखाली ठेवतो. मच्छरदाणी लावा, दुसरं काही नाही.

उदबत्ती आणि धूप. इथे हॉलमध्ये हालचाल झाली ती मला दिसली. मी कुणाच्या देवाविरुद्ध बोलत नाही, माझ्याही घरी देव्हारा आहे. पूजा होऊ द्या, एक उदबत्ती होऊ द्या, पण देवघराची खिडकी उघडून. घरात दम्याचं मूल असेल तर निरांजन पुरतं. कुणी म्हणतं धुरानं हवा शुद्ध होते. धूर हे कणच असतात हो, आणि फुप्फुस तो कशाचा धूर आहे हे विचारत नाही.

डांबराच्या गोळ्या. नॅफ्थलिन. काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं. त्यांच्या तांबड्या पेशी या वासानं फुटतात आणि कावीळ चढते. बाळाची दुपटी त्या पेटीत ठेवूच नका. ठेवली असतील तर धुऊन कडक उन्हात वाळवा. गाद्या, रजया, गोधड्या गच्चीवर टाकायची आपली पद्धत अगदी बरोबर आहे. गादीतले सूक्ष्म किडे ओलाव्यावर जगतात, सुकवल्यावर मरतात.

एक प्रश्न येणार हे मला माहीत आहे. हा बघा, हात वर आहेच.

(प्रश्न : पण डॉक्टर, हिवाळ्यात बाहेरची हवाच जास्त वाईट असते ना? मग झरोका उघडून ती आत कशाला घ्यायची?)

खरं आहे. निरभ्र रात्री जमीन गार पडते, तिला टेकलेली हवा गार होऊन खाली बसते आणि वरची तुलनेनं उबदार राहते. शेकोटीचा, कचरा जाळल्याचा, गाड्यांचा धूर त्या गार थरातच राहतो. सकाळी गोदाकाठी दिसतं ते सगळं काही धुकं नसतं. साधारण दहा-अकरानंतर ऊन जमीन तापवतं तेव्हा तो थर मोडतो. म्हणून मोठ्या खिडक्या सकाळी सहाला उघडू नका, अकरा ते चार सताड उघडा. रात्री फक्त झरोका. रात्रभर तो बंद ठेवलात तरी बाहेरचे कण फटींतून येतातच, आणि तुमचा श्वास, कॉइल, गिझर यांचं आतलं सगळं मात्र आतच राहतं. ज्या गल्लीत रोज रात्री कचरा पेटतो, तिथे झरोक्याआधी तो कचरा जाळणं बंद करायला लावा. आणि ते एकट्यानं होत नाही, सगळ्या गल्लीनं मिळून नगरसेवकाकडे जा.

बिल्डर मंडळी बसली आहेत, त्यांच्याशीही थोडं बोलते. प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. खिडकीसमोरची मोकळी जागा समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निम्मी तरी हवी, असा त्यांचा साडेत्रेसष्ट अंशांचा नियम होता. लोक मेल्यावर शहाणपण सुचलं होतं. आपल्याला तेवढं थांबायचं कारण नाही. खिडकीच्या लिंटलवर नऊ इंच उंच, दोन फूट रुंद जागा सोडा. त्यात तिरक्या पट्ट्या, म्हणजे पाऊस येत नाही, आणि डासांची जाळी. फॉल्स सीलिंग करताना ती झाकू नका. फ्लॅटच्या किमतीत हा खर्च दिसणारही नाही.

(प्रश्न : भाड्याच्या घरात राहतो, मालक भिंत फोडू देणार नाही. मग?)

भिंत फोडू नका. सरकत्या खिडकीची एक काच चार बोटं उघडी ठेवा, आणि पलंग त्या खिडकीपासून दूर, पलीकडच्या भिंतीला लावा. निजायच्या खोलीचं दार रात्री पुरतं लावू नका, त्याला आत-बाहेर एखादी चप्पल अडकवा. बाहेरच्या खोलीत दुसरी खिडकी तेवढीच उघडी. दोन वाटा असल्या की हवा वाहते, एकीनं नाही. पडदा काचेच्या उघड्या भागावरून बाजूला बांधा, नाहीतर सगळं वाया जातं. पांघरूण एक जास्त घ्या. आणि न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर मालकाशी भांडा, त्याबाबत भाडेकरू म्हणून गप्प बसायचं नाही. कुणाला तो बाहेर कसा काढायचा हे समजून घ्यायचं असेल, तर मी इथेच टेबलापाशी थांबते, कागदावर काढून देते.